मूळ स्वरूपातील दोना झेनाइदे

बारा दु सिरी नगरपालिकेच्या वारसा विभागाने दोना झेनाइदे यांना संरक्षित वारसा घोषित केले, तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांची तब्येत ठणठणीत होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले त्याला त्यांचे वय जबाबदार होते असे विभागाने लेखी कळवले आहे.

मी वाल्मोर. गेली एकतीस वर्षे दर शुक्रवारी संध्याकाळी सातला, बोटीच्या धक्क्यासमोरच्या बारमध्ये, मी दोना झेनाइदेंच्या पियानोमागे उभा राहून बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, वाजवतो. लोक त्यांच्याकडे बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि याची मला सवय झाली आहे असे मी सगळ्यांना सांगतो.

खरे तर विभागाला दोना झेनाइदे नकोच होत्या. त्यांना जुने नाटकगृह संरक्षित करायचे होते. ठराव झाला, संगमरवरी फलक कोरून आला, फाइल चौथ्या सहीला पोचली आणि त्या आठवड्यात नाटकगृह कोसळले. आता फलक तयार, मंत्र्यांची तारीख ठरलेली, वाद्यवृंदाला सांगून झालेले. गावात नाटकगृहाच्या वयाचे आणि अजून उभे असलेले दुसरे काय आहे, याचा शोध घेतला तेव्हा दोना झेनाइदे सापडल्या.

त्यांच्या फाइलीतला 'मालमत्तेचा पूर्वेतिहास' डॉक्टर एव्हांद्रु किंतेला यांनी स्वतः लिहिला. हे डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत. आमच्याकडे टेबल आणि शिक्का असलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात. इतिहास असा: जन्म बेकरीच्या माळ्यावर. संगीताचे शिक्षण चर्चच्या हार्मोनियमवर. पवित्र सप्ताहातल्या एका स्तोत्रावर दोन विधवांचे पाय ठेका धरू लागल्याने तेथून हकालपट्टी. बाविसाव्या वर्षी रिओच्या हॉटेलांत पियानो. सव्विसाव्या वर्षी 'सहाची बोट' हे गाणे. त्या उन्हाळ्यात सबंध देश ते गुणगुणत होता. छत्तिसाव्या वर्षापासून दोन हिवाळे न्यूयॉर्कला वास्तव्य; परतीचे कारण, तिथे लोक हनुवटीला हात लावून गाणे ऐकतात, नाचत नाहीत, आणि राजमा डब्यातला मिळतो. यानंतर चाळीस वर्षे बारा दु सिरी येथे वादन. त्यातली पहिली तीस वर्षे गावाने त्यांना 'ती बारमधली बाई' म्हटले. मग दोन जपानी माणसे त्यांचा पत्ता शोधत आली आणि गावाला त्यांची थोरवी एका दुपारीत कळली. शेवटची दोन वाक्ये फाइलीत नाहीत, माझी आहेत.

वारसा म्हटला की त्याचे मूळ स्वरूप ठरवावे लागते. चौदा मार्चच्या शुक्रवारी डॉक्टर एव्हांद्रु ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आले. दोना झेनाइदेंना सर्दी झाली होती. 'सहाची बोट' त्यांनी नेहमीपेक्षा संथ घेतले, दुसऱ्या कडव्यानंतर मोठ्याने शिंकल्या, नाक पुसेपर्यंत मला सहा आवर्तने एकट्याला वाजवायला दिली, आणि मग गाणे पुरे केले.

"सेउ वाल्मोर," डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन, आदराचा 'सेउ' लावून विचारले, "तुम्ही जाणकार. हे गाणं असंच असतं ना?"

ते कधीच तसे नसते. एकतीस वर्षांत दोना झेनाइदेंनी ते दोनदा सारखे वाजवलेले नाही. कुठे वळतील ते त्यांनाही आधी माहीत नसते, आणि जॅझ म्हणजे दुसरे काय असते? पण त्या दिवशी ती सहा आवर्तने मला फार छान जमली होती.

"हुबेहूब असंच," मी म्हणालो, आणि फॉर्मवर सही केली.

समारंभात सगळे रडले. मंत्र्यांनी गालाचे मुके घेतले, फलक बारच्या भिंतीवर बसला. पंधरा दिवसांनी पहिली नोटीस आली. संदर्भाधीन गीत मूळ स्वरूपात पाच मिनिटे अकरा सेकंदांचे असताना ते चार मिनिटे चाळीस सेकंदांत आटोपण्यात आले. डाव्या हाताने विनापरवाना फेरबदल केला. दुसऱ्या कडव्यानंतरची शिंक स्थळपाहणीत आढळून आली नाही. सबब खुलासा सादर करावा.

दोना झेनाइदे हसत हसत नोटीस घेऊन विभागात गेल्या. मीही गेलो.

"डॉक्टर, गाणं तेच आहे, मी बदलले," त्या म्हणाल्या. "मार्चपासून तुमचंही पोट सुटलंय. तुम्हाला कुणी नोटीस काढली का?"

"मी संरक्षित नाही, दोना झेनाइदे," डॉक्टर अत्यंत नम्रपणे म्हणाले. त्यांनी आम्हाला कॉफी पाजली, कायदा वाचून दाखवला आणि चर्चच्या घुमटाला उद्या कुणी वेगळा बाक दिला तर चालेल का, असे विचारले. फेरबदल चालू राहिले तर मालमत्तेच्या रक्षणासाठी बारला टाळे लावावे लागेल, हेही त्यांनी दुःखाने सांगितले. बार बंद म्हणजे शुक्रवार बंद, म्हणून दोना झेनाइदेंनी ऐकले.

त्या शुक्रवारपासून निरीक्षक म्हणून दोना ग्रासिलेने पहिल्या टेबलावर घड्याळ घेऊन बसू लागल्या. बाई भली होती, संगीतावर तिचा जीव होता. चूक झाली तर हळहळत खूण करायची. शिंकेसाठी विभागाने मिरपूड पुरवली. पहिल्या दोन आठवड्यांत लोक शिंकेला हसले, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात साओ पावलोहून बस भरून माणसे येऊ लागली आणि दुसरे कडवे आले की श्वास रोखून बसू लागली. एका समीक्षकाने लिहिले की ती शिंक म्हणजे आपल्या संगीतातले सर्वांत प्रामाणिक मौनभंजन आहे.

मग नियम आतवर शिरले. पुढचा दात हलू लागला, तो काढायचा तर 'स'चा उच्चार बदलेल म्हणून दंतवैद्याला विभागाकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे लागले. ते सात महिन्यांनी आले, दात त्याआधीच भाजक्या मक्याच्या कणसात पडला आणि त्याबद्दल वेगळा खुलासा मागवण्यात आला. दोन गाण्यांमध्ये त्या चाळीस सेकंद पाणी पीत, ते पाणीही अनुसूचीत चढले. मी स्वतः परिशिष्ट 'क' होतो, 'मालमत्तेस जोडलेली वस्तू'. माझ्या मिशीचा फोटो फाइलीत होता, त्यामुळे ती काढायची सोय नव्हती. खोटे कशाला बोलू, मला ते आवडत होते. सहा आवर्तने संरक्षित होती. लोक माझ्याकडे बघू लागले होते.

पुढच्या जूनमध्ये दोना झेनाइदेंची धाकटी बहीण नाइर वारली. नाइरने जन्मभर लोकांचे शर्ट इस्त्री केले आणि इस्त्री करताना गुणगुणत राहिली. ती गेल्यावर तीन आठवड्यांत दोना झेनाइदेंनी एक नवे गाणे केले. बारा वर्षांनी पहिले. त्याच सुमारास औषध देणाऱ्या खऱ्या डॉक्टरने त्यांच्या डाव्या हाताची बोटे वाकवून पाहिली आणि सांगितले की करंगळी ख्रिसमसपर्यंत साथ देईल, पुढचे देवाला माहीत.

"मला हे गाणं शुक्रवारी वाजवायचंय," त्या मला म्हणाल्या. "दर शुक्रवारी, हात आहेत तोवर. वाजवलं तरच कळेल मला ते नक्की काय आहे. घरी चार भिंतींना वाजवून गाणं मोठं होत नाही, वाल्मोर."

अर्ज केला. उत्तर आले की संरक्षित मालमत्तेवर नवीन बांधकामास परवानगी देता येत नाही. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत वाजवते, पाणी न पिता, असे त्यांनी लिहिले. मोकळी जागाही संरक्षित असल्याचे उत्तर आले. वेगळ्या बारमध्ये वाजवते म्हटले, तर वारसा जागेवरून हलवणे हा गुन्हा निघाला. आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे ओळखीतून ओळख काढली, डॉक्टरांच्या मेहुण्याला शनिवारी जेवायला बोलावले. तो चार वाट्या राजमा खाऊन हळवा झाला आणि 'सहाची बोट' ऐकवा म्हणाला.

शेवटी ऑक्टोबरमध्ये जाहीर सुनावणी लागली. मासेमार संघाच्या सभागृहात मंगळवारी सकाळी दहाला, दोना झेनाइदे सोडून आणि अधिकारी धरून, एकशे चाळीस माणसे आली. अधिकारी तिघे होते: डॉक्टर एव्हांद्रु, दोना ग्रासिलेने आणि एक लघुलेखक. डॉक्टरांनी उभे राहून जे सांगितले त्याने मी चकित झालो.

"माझी स्वतःची काही हरकत नाही," ते म्हणाले. "मला तर वाईट वाटतं. कायद्यात तरतूद आहे, जनतेची हरकत नसेल तर नाव आजच्या आज यादीतून काढता येतं. आम्ही काय, जनतेचे नोकर."

दोना झेनाइदेंच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी हसू आले. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिले. त्यात त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या, त्यांच्या गाण्यावर लग्ने ठरलेली जोडपी होती, मी होतो.

"मग मिटलं की," त्या म्हणाल्या. "ही तर माझीच माणसं."

नवे गाणे पुरावा म्हणून वाजवायची त्यांनी परवानगी मागितली. सभागृहात एक जुना उभा पियानो होता, त्यावर बसल्या. ते गाणे कसे होते हे मला नीट सांगता येणार नाही. सुरुवातीला डावा हात नुसता इस्त्रीसारखा मागे-पुढे जात होता, आणि वर त्यांचा आवाज शब्द विसरल्यासारखा गुणगुणत होता. मग तो कुठेतरी वळला आणि पुढचा सूर काय येणार ते मला कळेना. कितीतरी दिवसांनी कळेना. मी त्याच्यासाठीच तर एकतीस वर्षे त्यांच्या मागे उभा होतो. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

लोकही उभे राहिले. टाळ्या थांबेनात. औषधाच्या दुकानातल्या दोना मार्लुसी डोळे पुसत पियानोपर्यंत गेल्या, त्यांचा हात हातात घेतला.

"काळजात घुसलं हो, दोना झेनाइदे," त्या म्हणाल्या. "आता 'सहाची बोट' म्हणा ना."

डॉक्टर एव्हांद्रुंनी घसा साफ केला आणि नाव यादीतून काढण्यास ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करावा असे सांगितले. पहिला हात मार्लुसीचा. नव्याला त्यांची ना नव्हती, पण जुने हलायला नको होते. एकाने आईच्या अंत्ययात्रेत तेच गाणे लावले होते, एकीचा साखरपुडा त्यावर झाला होता, हॉटेलवाल्याने बसगाड्यांचे काय असे विचारले. कुणीही रागाने बोलले नाही. सगळे प्रेमाने बोलले. मी परिशिष्ट 'क'चा विचार केला, माझ्या सहा आवर्तनांचा विचार केला, आणि पाहिले तर माझा हात वर होता.

दोना झेनाइदेंनीही तो पाहिला. स्टूल पियानोजवळ ओढले आणि दोना ग्रासिलेनेंना म्हणाल्या, "लावा घड्याळ."

करंगळी नोव्हेंबरमध्येच आखडली. नवे गाणे त्यानंतर कुणी ऐकलेले नाही. इतिवृत्तात ते 'पुरावा क्रमांक ४, अवधी चार मिनिटे' असे नोंदलेले आहे, आणि लघुलेखकाला स्वरलेखन येत नव्हते. शुक्रवार मात्र चालू आहेत. आखडलेल्या करंगळीबद्दल विभाग सहानुभूतीने विचार करत आहे.

एकशे सदतीस हात वर झाले होते. न झालेले तीन हात अधिकाऱ्यांचे होते, कारण त्यांना मत देता येत नाही. बाकी सगळे संगीतावर प्रेम करणारे लोक होते. तुम्ही तिथे असतात तर तुमचा हात खालीच राहिला असता, असे तुम्हाला वाटत असेल. तुम्ही गेल्या मैफलीत 'वन्स मोअर' कुठल्या गाण्याला दिला होता, तेवढे फक्त आठवून बघा.