माशांच्या टाकीतील कॅमेऱ्याबाबत

विषय : बैठकीच्या खोलीतील माशांच्या टाकीत पाण्याखालचा कॅमेरा बसविण्याबाबत.
संदर्भ : सौ.चा फोन, आणि त्यानंतरचे तिचे बरेच फोन.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की टाकी सौ.ची आहे, मासे सौ.चे आहेत आणि सौ. मुलीकडे आहे. मुलीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा नातीला सांभाळायला म्हणून ती गेली. "थोडे दिवस," म्हणाली होती. कारकुनीत हयात घालवलेल्या माणसाला तरी 'थोडे दिवस' म्हणजे काय ते कळायला हवं होतं. (आमच्या कार्यालयात एक मोडकं कपाट थोडे दिवस म्हणून जिन्याखाली ठेवलं होतं. मी निवृत्त झालो, ते अजून सेवेत आहे.)

रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवण झालं?"

"झालं. भाजी जरा करपली, पण..."

"तुमचं नाही हो, त्यांचं विचारतेय. दाणे घातलेत का?"

"घातले."

"आणि जाड्या?"

जाड्या म्हणजे तिचा लाडका सोनेरी मासा. खाऊन खाऊन सुटलेला. (हाच शब्द ती पूर्वी मलाही वापरायची, पण तेव्हा त्यात लाड नसायचा.)

"पोहतोय."

"कसा पोहतोय?"

आता मासा कसा पोहतो याचं काय उत्तर द्यायचं? "ओला," म्हणालो.

पलीकडून मग सरबत्ती. "अहो, मरगळलाय की बरा आहे? कल्ले कसे हलतायत? एका अंगावर कलतो का? तुमच्या सांगण्यावर काडीचा भरवसा नाही. पाण्यात सोडायचे कॅमेरे मिळतात म्हणे. एक आणा. मी इथून मोबाईलवर बघत जाईन."

मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की तिला संशय यायला हवा होता. माझा विचार सरळ होता. मासे दिसले की तिला घराची ओढ लागेल, ओढ लागली की ती येईल. मी इतके दिवस करपलेल्या भाजीचा उल्लेख करून पाहिला होता, त्याने काही हललं नव्हतं. आता जाड्याने शब्द टाकावा.

खरेदी मात्र मी रीतसर केली. तुलनात्मक तक्त्याशिवाय मी नोकरीत टाचणीसुद्धा घेतलेली नाही. कागदावर रकाने पाडले : कॅमेरा किती खोल चालतो, पाण्याचा दाब किती सोसतो, गंजतो का, हमी किती. आणि दुकानात जाऊन बसलो.

"काका, टाकी केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"टेबलावर मावते एवढी."

"मग हा छोटा न्या. माशांच्या टाकीसाठीच आहे."

"खोली किती?"

"हातभर."

"आणि तो वरचा?"

"तो समुद्राच्या तळाशी चालतो, काका. बुडालेली जहाजं बघायला."

"म्हणजे टाकीत तर चालेलच!"

"चालेल हो. पण तो लांबचं बघायला बनवलाय. जवळचं त्याला नीट दिसत नाही."

मी तक्ता पाहिला. त्यात असा रकाना नव्हता. जो मुद्दा रकान्यात नाही तो विचारात घेता येत नाही, हे दुकानदाराला कोण समजावणार? सर्व रकान्यांत सरस ठरलेला समुद्री कॅमेरा मी घरी आणला, बाही खांद्यापर्यंत भिजवून टाकीच्या तळाशी बसवला, वायर बाहेर काढली आणि फोन लावला.

"दिसतंय?"

"अय्या, किती स्वच्छ!"

"जाड्या दिसला ना?"

"जाड्या कुठला? सोफा दिसतोय. सोफ्यावर ओला टॉवेल दिसतोय. अहो, ती काय टॉवेल टाकायची जागा आहे? आणि पंख्याला जळमटं किती!"

मासे म्हणजे नुसते पिवळट ढग. काचेपलीकडची माझी खोली मात्र जळमटांसकट लख्ख. मी दुकानात धाव घेतली. पाण्यात घालायचा कॅमेरा एकदा पाण्यात घातला की परत घेता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. (इतकं भक्कम कारण मला उभ्या नोकरीत सुचलं नव्हतं.)

परत येताना मात्र एक विचार मनात आला आणि मी जरा ताठ चालू लागलो. जाड्या दिसत नाही, म्हणजे दिसतो कोण? मी! इतक्या वर्षांनी बायको दिवसभर माझ्याकडे बघणार. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि एक जाडजूड ग्रंथ घेऊन, नाव तिला दिसेल असा धरून, सोफ्यावर बसलो. थोड्याच वेळात फोन.

"अहो, ते पुस्तक खाली घ्या."

"का गं? चेहरा दिसत नाही?"

"चेहरा नको. जाड्या लांब काचेपाशी गेला की तुमच्या पांढऱ्या शर्टावर उठून दिसतोय. जरा डावीकडे सरका. अजून. हां, आता कल्ले दिसले! उद्याही हाच शर्ट घाला."

तेव्हापासून मी तिथेच बसतो. नातीला भरवायच्या वेळेला तिकडे मोबाईल लावतात. मुलगी सांगत होती की पडद्यावरच्या टाकीकडे बोट दाखवून नात "आजोबा" म्हणते. आजोबा पाण्यात राहतात अशी तिची समजूत आहे, आणि ती दुरुस्त करायला कुणाला वेळ नाही.

शेवटी काल हिंमत केली. "ऐक ना, आता परत ये. घर खायला उठतं."

"अहो, आता कशाला घाई? जाड्या रोज दिसतो. तुम्हीही मागे दिसताच की."

"मी तुला दिसतो गं. मला तू दिसत नाहीस."

तिकडे नात रडली असावी.

"बघू," म्हणाली.

सबब, अर्जदाराने परत येण्याविषयी केलेला तोंडी अर्ज संबंधितांकडे विचाराधीन असून त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही. तोपर्यंत अर्जदाराने जागेवरून हलू नये, असे आदेश आहेत.