धुक्याची सुट्टी आणि आमच्या स्वयंपाकघरातला दिवा

आमच्या गावात शाळा भरणार की नाही, हे हवामान खातं ठरवत नाही. ते माझी बायको ठरवते. आणि तिला सकाळचा चहा मी करून देतो. म्हणजे गावातल्या शिक्षणाचा पाया नेमका कोणाच्या हातात आहे, हे सुज्ञांना वेगळं सांगायला नको!

ती सगळ्या शाळांची प्रमुख. हिवाळ्यात नदीवरून धुकं वर चढतं, तेव्हा शाळेच्या बस वेळेवर सोडायच्या, उशिरा सोडायच्या की सरळ सुट्टी द्यायची, हा निर्णय तिचा. पहाटे ती बसप्रमुखांना घेऊन खाली पुलावर जाते, तिथे उभी राहून जे काही पाहायचं ते पाहते आणि एक मेसेज पाठवते. त्या एका मेसेजवर हजारो पोरं एक तर चडफडत मोजे शोधतात, नाहीतर पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढतात. माझ्या शब्दावर आमची मांजरसुद्धा खुर्चीवरून उठत नाही. त्यामुळे बायकोबद्दल मला जे वाटतं, त्याला आदर हा शब्द तोकडा पडतो.

मला गावात कोणी नावाने ओळखत नाही. मी 'मॅडमचे मिस्टर'. धुक्याच्या दिवसांत मात्र माझा भाव वधारतो. न्हावी अर्धी दाढी तशीच ठेवून विचारतो, "उद्याचं काय म्हणतायत मॅडम?" मी नुसता गूढ हसतो. खरं सांगायचं तर ती मला काहीच सांगत नाही.

एकच गोष्ट सांगते. धुक्याच्या दिवशी निघताना दारात थांबते, मफलर गुंडाळते आणि म्हणते, "अहो, मी येईपर्यंत स्वयंपाकघरातला दिवा बंद करू नका हं." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी! तिथे पुलावर गारठ्यात उभं राहूनसुद्धा हिला टेकडीवरच्या आपल्या घरातला दिवा जळत असावासा वाटतो, या विचाराने मला दर वेळी भरून यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या आठवड्यात तिने सुट्टी दिली होती आणि पोरांचे दात घासून होतात न होतात तोच लख्ख ऊन पडलं. शाळा समितीचे अध्यक्ष तडक घरी आले.

"मॅडम, पुन्हा असं झालं तर यापुढे निर्णय समिती घेईल," चहा फुंकत ते म्हणाले.

या समितीचं शाळेच्या खुर्च्यांच्या रंगावर एकमत व्हायला एक अख्खं वर्ष लागलं होतं. त्यांच्या चर्चेत धुकं विरून उन्हाळा लागला असता. अध्यक्ष गेल्यावर बायको त्यांचा रिकामा कप हातात फिरवत बसून राहिली. तिला तसं बसलेलं मला बघवेना. तिच्यासाठी आपण काहीतरी भरीव करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

भरीव म्हणजे टोस्ट.

पुढच्या धुक्याच्या दिवशी ती पुलावर गेली आणि मी कामाला लागलो. किटली लावली, टोस्टर लावला. येईल तेव्हा पाय गारठलेले असतील, म्हणून हीटरही लावला. एवढ्यात फट्! सगळं घर काळंकुट्ट.

फ्यूजची पेटी फाटकापाशी. अंधारात खुंटीवर हाताला लागला तो कोट चढवला, टोपी कपाळावर ओढली आणि दार उघडलं. उघडलं आणि तसाच उभा राहिलो. गाव नव्हतंच! रस्ता नाही, झाडं नाहीत, नुसतं पांढरं काहीतरी आवाज न करता सरकत होतं. मधूनच एखादं छप्पर वर यायचं आणि पुन्हा बुडायचं. असल्या दिवशी ही एकटी बाई हजारो पोरांचा विचार करत पुलावर उभी राहते, या कल्पनेनेच माझे हात जोडले गेले. तेव्हा दिसलं, की मी तिचाच फुलाफुलांचा कोट घातलाय.

"मॅडम," धुक्यातून आवाज आला. समोरचे टेलरकाका. "दिवा गेलेला पाहिला. सुट्टीच ना?"

फुलाफुलांच्या कोटात ओळख द्यायची माझी तयारी नव्हती. मी तोंड न उघडता हात हलवला. माझ्या मते त्याचा अर्थ 'मला काय माहीत' असा होता.

"कळलं, मॅडम, कळलं."

झालं! गाव मेसेजची वाट बघतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गाव आमची खिडकी बघतं. हे शास्त्र टेलरकाकांनी बसवलेलं. दिवा चालू, म्हणजे मॅडमचा विचार चालू. दिवा विझला, म्हणजे निर्णय झाला आणि मॅडम पुन्हा झोपल्या. शाळा असती तर झोपायला सवड कुठली?

'सुट्टी' हा शब्द टेकडीवरून खाली निघाला. मला कोणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, कोणाचं तरी पोरगं ओरडलं. मग खालच्या आगारात गरम होत असलेली बसची इंजिनं एकामागून एक गप्प झाली. शेवटचंही बंद झालं.

"अहो, थांबा! मी मॅडम नाही, मी मिस्टर!" मी ओरडलो.

"ऐकलंत? मिस्टरांनाही कळलं," धुक्यातून कोणीतरी म्हणालं.

कसाबसा फ्यूज बसवला. घरात उजेड पडला आणि फोन वाजला. बायकोचा मेसेज. 'धुक्यामुळे आज सर्व शाळांना सुट्टी.' मी थक्क झालो. काय हा तिचा निर्णय, आणि काय हा गावाचा अंदाज! माझ्याकडून काहीच बिघडलं नव्हतं. मी शीळ घालत टोस्टला लोणी लावायला घेतलं, तर लोण्यावर ऊन पडलेलं.

थोड्याच वेळात बायको आली. चेहरा उतरलेला. मागोमाग अध्यक्ष.

"चूक झाली, सर," ती म्हणाली. "आजपासून निर्णय समितीने घ्यावा."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "तसं नाही, मॅडम. म्हणजे... तुमचा मेसेज यायच्या आधीच मी सगळ्या सदस्यांना फोन करून सुट्टी कळवून टाकली होती. तेव्हा हा विषय आपण वाढवू नये. निर्णय तुमच्याकडेच राहू दे."

"आधीच? कशावरून?"

"टेलरकाकांनी सांगितलं, दिवा गेला म्हणून," असं पुटपुटून अध्यक्षांनी एक टोस्ट उचलला आणि ते निघून गेले.

बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. "दिवा गेला होता?"

"जरासा. फ्यूज उडाला."

ती मटकन खुर्चीत बसली. "अहो, मी पुलावरून तोच तर बघते! घरचा दिवा दिसला तर बसवाल्याला रस्ता दिसणार. नाही दिसला तर सुट्टी. आज डोळे फुटेस्तोवर बघत होते. बसप्रमुख म्हणत होते, धुकं विरतंय. मी म्हटलं, विरत असेल, पण माझा दिवा दिसत नाही."

मी टोस्टरकडे पाहिलं. हजारो पोरं, झाडून सगळे मास्तर, आगारातल्या यच्चयावत बस आणि समितीचे अध्यक्ष, सगळ्यांना या एवढ्याशा डब्याने घरी बसवलं होतं. मला त्याला हात लावायचीसुद्धा भीती वाटली.

"म्हणजे तो दिवा..." मी चाचरत विचारलं, "मला वाटायचं, घरची आठवण म्हणून..."

"कसली आठवण?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

हल्ली धुक्याच्या दिवशी ती दारात थांबते, मफलर गुंडाळते आणि म्हणते, "अहो, मी येईपर्यंत टोस्ट करू नका हं."

मला अजूनही भरून येतं.