भोंगा चाळीस सेकंद मागे

आमच्या साखर कारखान्याचा सकाळचा सातचा भोंगा वाजला की तात्या रस्त्यात असतील तिथं उभे राहायचे आणि म्हणायचे, "चाळीस सेकंद लेट." मग खांद्यावरच्या पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ काढायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, "बेचाळीस," अशी दुरुस्ती करायचे आणि चालू लागायचे.

सव्वीस वर्षं ते कारखान्याचे टाइमकीपर होते. गेटाशेजारच्या केबिनमध्ये बसून कामगारांची हजेरी लावायची आणि वेळेवर भोंगा द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी भोंग्यावरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. नवा टाइमकीपर आधी चहा पितो आणि मग भोंगा देतो, असा त्यांचा आरोप होता. चीफ इंजिनियरकडे त्यांनी तीन अर्ज केले होते. "रोज माणसं गेटावर चाळीस सेकंद उगंच हुबी ऱ्हात्यात. बरं दिसतं का?" हे तिन्ही अर्जांतलं शेवटचं वाक्य.

एकदा ते न्हाव्याकडे दाढी करून घेत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. पिशवीतलं घड्याळ खणखणलं, तसे तात्या उठले, "मंदीच्या गणिताचा टाइम झाला," म्हणाले आणि तशाच गालानं घरी गेले. गणितं संपल्यावर, तासाभरानं, वाळलेल्या साबणासकट परत येऊन त्याच खुर्चीत बसले.

मंदी म्हणजे मंदा, त्यांची नात. चौथीत होती. तिची आई, म्हणजे तात्यांची मुलगी, मंदा दीड वर्षाची असताना गेली. बाप दुसरं लग्न करून खर्ड्याला राहायचा. घरात दोघंच, तात्या आणि मंदा. तिसरं घड्याळ.

पुण्याला मुलींची एक निवासी शाळा होती. तिथं पाचवीत खेड्यातल्या मुलींसाठी थोड्या जागा ठेवत आणि त्यासाठी नगरला परीक्षा घेत. गणित, मराठी, बुद्धिमत्ता चाचणी, आणि शेवटी तोंडी परीक्षा. तोंडीत थोडं इंग्रजी विचारतात असं तात्यांना कळलं आणि ते आमच्या फाटकाशी आले.

माझे वडील कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट होते. मी एकवीस वर्षांची. नवव्या वर्षी मला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं, आणि कॉलेज संपवून मी नुकती कॉलनीत परत आले होते. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, तेव्हा काय बोलायचं ते मला सुचायचं नाही. माझ्या गप्प बसण्याला कॉलनीत गर्व म्हणत. तात्यांना त्याचं काही नव्हतं. वडिलांना म्हणाले, "साहेब, तुमच्या ताई बोलत न्हाईत म्हनं. पर लिवत तर असतील की."

मी व्हरांड्यातच होते. "शिकवीन," म्हटलं.

"येळ?"

"संध्याकाळी पाच."

"पाच म्हंजी भोंग्याचं पाच का माजं पाच?"

"तुमचे," मी म्हटलं. तात्यांना मी तेव्हाच पसंत पडले असावे.

दुसऱ्या दिवशी मंदा आली. दोन वेण्या, हातात पाटी, आणि डोक्यावर एक शाळेचा बाक. बाक तिच्यामागून चालत येणाऱ्या तात्यांनी दुसऱ्या टोकाला धरला होता. कारखान्याच्या सुतारशाळेत पडलेली फळी आणि पाय वापरून त्यांनी तो करून घेतला होता. गावच्या शाळेत मुलं जमिनीवर बसत. परीक्षेला बाक असणार.

"जमिनीवरचं पोर बाकावर बसलं का पाय लोंबकाळत्यात," तात्या म्हणाले. "पाय लोंबकाळलं का मुंग्या येत्यात. मुंग्या आल्या का भागाकार चुकतो." म्हणून बाक आमच्या व्हरांड्यात कायमचा आला आणि मंदानं मुंग्या येण्याचा सराव सुरू केला.

सराव हा तात्यांचा धर्मच होता. परीक्षेच्या हॉलमध्ये गडबड असली तर, म्हणून ते मंदाला पिठाच्या गिरणीत नेऊन गणितं घालायचे. ती पिठानं पांढरी होऊन तेरा गुणिले सतरा करायची आणि गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावरून ओरडायचा, "तात्या, हिला एकदा दळूनच काडा, म्हंजी बारीक हुशार हुईल." तात्या हसायचे नाहीत. घड्याळ बघायचे. एका गणिताला दोन मिनिटं.

त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण इंग्रजीची परीक्षाही ते घेत. "माय नेम इज मंदा" हे चार सेकंदांत झालं पाहिजे. पाच लागले तर, "पुन्यांदा."

बुद्धिमत्ता चाचणीचं एक पुस्तक मी पुण्याहून मागवलं होतं. त्यात प्रश्न होता, 'नळ सोडल्यावर काय येते?' मंदानं लिहिलं, 'हवा.' त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, विहिरी आटल्या होत्या आणि कॉलनीच्या मागच्या वस्तीतला एकुलता एक नळ दोन महिने फुसफुसत होता. मी चूक दाखवली. तात्या विचारात पडले. "मार्क द्या," शेवटी म्हणाले. "खरं लिवलंय."

पण तात्यांचा खरा जोर घंटेवर होता. घंटा झाली की लिहिणं बंद. पेन्सिल खाली, हात पाठीमागं. अर्धा आकडा राहिला तरी राहू द्यायचा. सव्वीस वर्षं त्यांनी भोंग्यानंतर गेटात शिरणाऱ्या माणसांकडे पाहिलं होतं आणि त्यांच्याबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "घंटेनंतर लिवनारा आन भोंग्यानंतर येनारा, दोगं एकच." मंदा इतकी तयार झाली की रस्त्यानं कुल्फीवाला घंटी वाजवत गेला तरी तिचे हात पाठीमागं जायचे. मी हसले. तात्यांनी अभिमानानं मान हलवली. "आता कसं."

शिकवणी संपली की मंदा आमच्या आईबरोबर आत जायची, आणि तात्या पिशवीतून जुनं हजेरीबुक काढायचे.

"ताई, तितं हॉस्टेलात सकाळी किती वाजता उठवत्यात?"

"आमच्याकडे साडेपाच."

ते लिहून घ्यायचे. प्रार्थना, दूध, शाळा, जेवण. मला सगळं पाठ होतं. शाळेत गेल्यावर पहिल्या रविवारी आम्हा सगळ्या मुलींना घरी पत्र लिहायला लावलं होतं आणि त्यात काय लिहायचं ते बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. ते वेळापत्रकच होतं. खाली फक्त नाव आपापलं.

"आन साडेपाच ते साडेसहा?"

"खेळ."

"सगळ्या खेळत्यात?"

त्यांची पेन्सिल थांबली होती. मी "हो" म्हटलं. त्याहून जास्त सांगायची मला सवय नव्हती.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. सहाच्या एसटीनं आम्ही तिघं नगरला गेलो. मंदाच्या अंगावर नवा फ्रॉक, तात्यांच्या मांडीवर घड्याळ. मुली आत गेल्या. आम्ही हायस्कुलाच्या आवारातल्या लिंबाखाली बसलो. बरोबर दोन तासांनी त्यांनी घड्याळ कानाला लावलं, आणि तेवढ्यात घंटा झाली. त्यांनी उठून धोतर झटकलं. पण दारातून कोणीच बाहेर आलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा घंटा झाली, तेव्हा मुली बाहेर पडल्या.

मंदा धावत आली. "तात्या, घंटा झाली तशी मी पेन्शील खाली ठिवली. हात पाठीमागं. बाकीच्या पोरी लिवतच हुत्या, लबाड."

"कंची घंटा?" तात्यांनी विचारलं.

"पयली."

पेपर दहा मिनिटं उशिरा वाटला होता, आणि पहिली घंटा इशाऱ्याची होती. दहा मिनिटं राहिली, हे सांगणारी. ती दहा मिनिटं मंदा हात पाठीमागं बांधून भिंतीकडे बघत बसली होती.

"किती राह्यली?"

"चार गणितं. येत हुती मला," मंदा म्हणाली, आणि आमच्या तोंडांकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "चुकलं का तात्या?"

तात्या खाली बसले. तिची वेणी सुटली होती, ती बांधायला लागले. त्यांना नीट जमेना. "तुजं न्हाई चुकलं," म्हणाले.

दुपारी तोंडी झाली. आत काय झालं ते मंदानं परतीच्या एसटीत सांगितलं. एका बाईंनी तिला विचारलं, चार गणितं का सोडलीस? तिनं सांगितलं, घंटा झाली. बाई म्हणाल्या, बाकीच्या मुली लिहीत होत्या, तू पाहिलं नाहीस? मंदा म्हणाली, "पाह्यलं. पर तात्या म्हनत्यात घंटेनंतर लिवायचं न्हाई." मग बाईंनी विचारलं, हे तात्या कोण? आणि त्यावर ती बरंच बोलली म्हणे.

"इंग्रजी इचारलं का?" तात्यांनी विचारलं.

"नाव इचारलं. चार सेकंदांत सांगितलं."

थोड्या वेळानं ती माझ्या खांद्यावर झोपली. खिडकीतून ऊन येत होतं. दोन्ही बाजूंना करपलेली शेतं होती आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं. तात्या घड्याळावर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"ताई, एक सांगू का?" ते म्हणाले. "पोरीची चार गणितं माज्यापायी गेली. मला वाईट वाटाया पायजे."

"वाटतंच आहे की, तात्या."

"तसं न्हाई. तिनं सांगितलं तवा आदी बरं वाटलं. म्हनलं, आता ही घरीच ऱ्हाती. मागनं वाईट वाटलं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मदी किती येळ गेला कुनास ठाऊक. घड्याळ बघितलं न्हाई."

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी मंदाचं डोकं तेवढं नीट केलं.

मे महिन्याच्या शेवटी पत्र आलं. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत होता, म्हणून तात्या ते न फोडता माझ्याकडे घेऊन आले. मंदाची निवड झाली होती. कारण काही लिहिलं नव्हतं, कपड्यांची यादी तेवढी होती. तात्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "उठवत्यात साडेपाचलाच ना?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"साडेपाचलाच असंल," ते म्हणाले. त्यांच्या हजेरीबुकात तसं होतं.

जूनमध्ये ते मंदाला पुण्याला पोचवून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत आले. मी फाटकाशी होते. त्यांच्या खांद्यावर पिशवी नव्हती.

"घड्याळ?"

"तिला दिलं."

"तिथं घंटा असतात, तात्या. घड्याळ कशाला?"

"घंटा लेट असली तर?" ते म्हणाले आणि घरी गेले.

मग साडेपाचचा भोंगा होऊन गेला की तात्या आमच्या फाटकाशी यायला लागले. भोंग्याचा आवाज पार सुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत पोचतो असं लोक गमतीनं म्हणायचे. तो नुकता थांबलेला असायचा, आणि तात्या विचारायचे, "ताई, किती वाजले?"

मी मनगटावरच्या घड्याळात बघून सांगायचे, "साडेपाच."

"भोंगा लेट हुता का?"

"माहीत नाही. माझं घड्याळ भोंग्यावरच लावते."

"असू द्या," ते म्हणायचे आणि मंदाच्या बाकावर बसायचे. बाक अरुंद होता. ते अंग चोरून बसायचे. "म्हंजी आता खेळाचा तास."

"हो."

बरेच दिवस असेच गेले. एकदा त्यांनी नेहमीचं विचारलं, मी सांगितलं, ते बसले आणि म्हणाले, "सगळ्या खेळत्यात ना?"

"मी नाही खेळायचे," मी म्हटलं. ते कसं तोंडातून गेलं मला कळलं नाही. "पहिलं वर्षभर. मागच्या कुंपणाशी एक जांभळाचं झाड होतं. तिथून एसटीचा रस्ता दिसायचा. मी तिथं उभी राहायचे."

तात्या बाकाच्या फळीवरून बोट फिरवत राहिले. मी मंदाबद्दल त्यांना भलतंच काही सांगून बसले, असं मला वाटायला लागलं.

"तरीच," ते म्हणाले.

"तरीच काय?"

"तुमचं बाबा यायचं माज्या केबिनीत. बारा वरसं झाली असतील. रोज साडेपाचचा भोंगा दिला का दारात हुबं. 'तात्या, किती वाजले?' आता मीच भोंगा दिलेला, कानाचं पडदं अजून हालायलेत. लॅबोरेटरीत ह्ये मोटं घड्याळ. मी म्हनायचो, साहेब, साडेपाच. ते म्हनायचं, 'म्हणजे खेळत असेल.' आन जायचं. मला वाटायचं, साहेब जरा येडं हाय."

मला ते फळ्यावरून उतरवलेलं पत्र आठवलं. त्यातल्या तासांवर कोणी रोज उठून विश्वास ठेवत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. घरी कधी असं बोलणं झालं नव्हतं. बाबाही माझ्यासारखेच. किंवा मी त्यांच्यासारखी.

फाटक वाजलं. बाबा लॅबोरेटरीतून आले होते. त्यांनी सायकल भिंतीला लावली, कॅरिअरवरचा डबा काढला आणि तात्यांना मानेनंच नमस्कार केला.

"बाबा," मी विचारलं, "किती वाजले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मॅट्रिकला त्यांनीच दिलेलं. त्यांनी ते पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं. तात्या आपल्या पायांकडे बघत होते.

"पावणेसहा," बाबा म्हणाले. आणि आत न जाता, डबा मांडीवर घेऊन, मंदाच्या बाकावर तात्यांच्या शेजारी बसले.