डोमाजी काकांचा डबा

आपल्या दारासमोर कचऱ्याचा डबा नको म्हणून भांडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तो आपल्याच दारासमोर हवा म्हणून पंचायतीत ठाण मांडणारा माणूस आमच्या गल्लीत राहतो. डोमाजी काका. जवाहरनगरच्या कारखान्यात वेल्डर होते. निवृत्त झाल्यावर आंधळगावच्या बाजूला, आमच्या गावी परतले.

पंचायतीनं दिलेला गल्लीतला पहिला डबा प्लास्टिकचा होता. मे महिन्याच्या उन्हात त्याला तडे गेले आणि पावसाळ्यात तो नालीतून निघून गेला, झाकण वेगळं, डबा वेगळा. काकांनी पंचायतीत जाऊन नाक मुरडलं.

"आपल्याकडची तपन कशी, पानी कसा! असा डबा कायले टिकते जी? मीच बनवतो. पन तो राहीन माह्याच दारात."

गल्लीला काय, आनंदच झाला. वास परस्पर दुसऱ्याच्या दारात गेला.

"टिकलं पाह्यजे" हे काकांचं पालुपद. चप्पल असो की लग्न. एका मांडवात अक्षता टाकतानाही ते हेच म्हणाले. नवरीची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

डबा मात्र अफलातून झाला. लोखंडी ड्रम, खाली वीतभर पाय, म्हणजे पावसाचं पाणी खालून वाहून जावं. बुडाला भोकं. झाकण छपरासारखं उतरतं. वरून पांढरा रंग, तपन कमी लागावी म्हणून. पहिल्या झडीत काका दिवसभर छत्री घेऊन डब्याशेजारी उभे राहिले. आत थेंब गेला नाही, हे ते पुढे चार दिवस तापात पडूनही सांगत होते.

खोट एकच. मोकाट गाईंनी झाकण उघडू नये म्हणून कडी इतकी घट्ट केली, की ती आम्हालाही उघडेना. रोज सकाळी काकांना हाक मारावी लागे. ते बाहेर येत, अंगठ्यानं कडी सारत आणि आत डोकावून विचारत, "वांगे आनले वाटते? पाहुने आले का?" बायकांच्या कपाळाला आठ्या पडत. शेवटी मीही एकदा वैतागून म्हणालो,

"काका, कडी सैल करा ना!"

"काहून? गाई फिरून राहिल्या, दिसत नाही का?"

मग गावात घंटागाडी सुरू झाली. दारात येते, गाणं वाजवते, कचरा घेऊन जाते. डब्याकडे कुणी फिरकेना. महिनाभरानं, पौषातल्या एका सकाळी माझी घंटागाडी चुकली, म्हणून पिशवी घेऊन मी डब्याकडे गेलो. कडीला हात लावला, तर ती बोटानं सरकली. काका पायरीवर बसले होते.

"सैल केली," ते म्हणाले. "म्हटलं, कडीच्या कटकटीनं लोकं येत नसतीन. तुमची काकू होती तवा बाया इथंच पायरीवर बसत. ती गेली, अन् दारात कोनी थांबेच ना. डबा ठेवला, तवा मानसं येऊ लागली जी."

मी पिशवी डब्यात टाकली. इतके दिवस या माणसावर वैतागत होतो, याची लाज वाटली. डब्यात माझी एकच पिशवी पडली होती.

काकांनी झाकण लावलं.

"मास्तर, उद्या कचरा राहीन का जी तुमच्याकडं? थोडासा असला तरी चालते."

आमच्या घरी आम्ही दोघंच. कचरा मूठभर. संध्याकाळी मी बाजारातून तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या, चांगल्या तीन किलो. टरफलं भरपूर निघतात.