क जीवनसत्त्व माहेरी गेलं

मंगळवारी सकाळी आमच्या ह्यांच्या अंगातलं क जीवनसत्त्व रुसून माहेरी निघून गेलं.

ह्यांची कराडला चायनीजची गाडी आहे. प्रत्येक कढईत चवीची पांढरी पावडर टाकायची आणि चमचाभर चाखल्याशिवाय प्लेट द्यायची नाही, हा बारा वर्षांचा नेम. घरी मात्र आमटी कशी झालीय विचारलं की म्हणायचे, "झालीय." बस्स! मी आपली गिळून गप्प बसायचे. क काही माझ्यासारखं सोशिक नव्हतं.

ह्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी जिभेखालची चिठ्ठी काढून वाचली. 'पावडरीपुढे मला इथे कोणी विचारत नाही. सबब जात आहे.'

"क-चं माहेर आवळ्यावर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला उंडाळ्याचं झाड जवळ पडेल. तोवर गाडीवरचं चाखणं बंद. आणि आठवड्यात आणा हो. एकाचं बघून बाकीची जीवनसत्त्वं निघाली, तर माणूस हाती लागत नाही."

बारा वर्षं ज्यांच्यावर मनातल्या मनात चिडले, तेच नसतील तर मी चिडू कुणावर?

रविवारी स्कूटरवरून उंडाळ्याला गेलो. क वरच्या फांदीवर पाय सोडून बसलं होतं. एवढंसं, पिवळट, नाक फुगवलेलं. माहेरच्या माणसांकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून ह्यांनी डबा आणला होता. उघडला तर आत मंचुरियन, पावडर घातलेलं! क दोन फांद्या आणखी वर चढलं.

"अहो, अक्कल गहाण ठेवलीत का?"

"सवयीनं हात चालला गं," हे रडवेले झाले.

काय करणार, उन्हाची वेळ. मी आमचा आमटी-भाताचा डबा काढला आणि आम्ही झाडाखालीच जेवायला बसलो. ह्यांनी घास घेतला अन् थांबले. पुन्हा एक घेतला.

"मीठ कमी आहे," हे म्हणाले. "आणि हौसे, तू आमटीत आमसूल घालतेस?"

"बारा वर्षं घालतेय."

"मला कळलंच नाही गं." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आवरेना.

वरून फांदी हलली. क सावकाश खाली उतरलं.

"रोज असं सांगणार का हिला?" त्यानं विचारलं.

"रोज."

"मग निघू या."

माहेराहून कुणाला रिकाम्या ओटीनं आणत नाहीत, म्हणून मी त्याच्या ओटीत पाच आवळे घातले. येताना नाक्यावर पोलिसानं हात केला.

"स्कूटरवर तिघं?"

"माहेराहून आणतोय, साहेब."

"मग पुढं खड्डे आहेत, जपून न्या," म्हणाला आणि बाजूला झाला.

आता हिरड्या बऱ्या आहेत. आमटीत मीठ मात्र मी रोज मुद्दाम चिमूटभर कमीच घालते.