शुक्रवारचे दोन

गुरुवारी सकाळी अर्जुनराव धर्मापुरीच्या पुढच्या फाट्यावर, रस्त्याच्या मधोमध सतरंजी टाकून बसले होते. समोर उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या आडव्या लावलेल्या, पाठीमागे ट्रॅक्टरवाल्यांचा घोळका आणि ट्रॉल्यांच्या पलीकडे अंबाजोगाईकडून आलेल्या गाड्यांची रांग. ऊस वाहतुकीचा दर वाढवून मिळावा म्हणून वाहतूकदारांचा संप चालू होता. त्याचा आवाज वरपर्यंत जावा म्हणून आज संध्याकाळपर्यंत आसपासचे सगळे रस्ते बंद ठेवायचे होते. अर्जुनराव संघटनेचे अध्यक्ष. दिवस त्यांनीच ठरवला होता आणि पुरता विचार करून ठरवला होता.

विचार करावा लागला, कारण त्यांना जर्मनीला जायचे होते. मुलगी दिपाली आणि जावई आदिनाथ तिकडे नोकरीला होते आणि दिपालीचे पहिले बाळंतपण जवळ आले होते. तिकिटावर शुक्रवार होता आणि दोनची वेळ होती. म्हणजे गुरुवारी दिवसभर आंदोलन, रात्री जीपने निघायचे, सकाळी मुंबई आणि दुपारी दोनला विमान. पत्नीला, गीताबाईंना, त्यांनी एवढेच सांगितले होते, "तू नुस्त्या बॅगा भर. बाकीचं माझ्यावर सोड." गीताबाईंनी बाकीचे त्यांच्यावर सोडले होते. एकट्याने त्या परळीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

दहाच्या सुमाराला गावाकडून सटवाची जीप आली. टपावर दोन बॅगा बांधलेल्या. गीताबाई खाली उतरल्या. अंगावर ठेवणीतले लुगडे, त्यावर स्वेटर, पायांत नवे बूट. हातातला फोन त्यांनी तसाच पुढे धरला होता.

"आत्ता कामून आलीस?" अर्जुनराव हळू आवाजात म्हणाले. "रात्री निघायचं हाय."

"दिपाली बोलतीय. तुमीच ऐका."

"बाबा, तुमी अजून निघाला न्हाईत?" दिपालीने घाईघाईने विचारले. "विमान दोनला हाय."

"हाय की. उद्या दोनला."

"उद्या पहाटे दोनला, बाबा. म्हणजे आजच्या रात्री. दुपारचं असतं तर तिकिटावर चौदा लिवलं असतं."

अर्जुनरावांनी फोन कानापासून दूर धरला आणि समोरच्या ट्रॉल्यांकडे पाहिले. त्याच वेळी मागे कुणीतरी घोषणा दिली, "अर्जुनबापू, तुम आगे बढो!" आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितले की ते त्यांच्यासोबत आहेत.

संघटनेचा उपाध्यक्ष अजिनाथ जवळ आला. शब्दाला जागणारा आणि आंदोलनात कधी न हसणारा माणूस. अर्जुनरावांनी त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. अजिनाथने ते खाली मान घालून ऐकले.

"बापू, परवाच्या सभेत तुमीच म्हणलाव. नवरदेवाची गाडी आली तरी सोडायची न्हाई. ॲम्ब्युलन्स तेवढी सोडायची."

"बाळंतपणाचं काम हाय, अजिनाथ."

"बाळंतीण कुटं हाय?"

"जर्मनीला."

"इथं असती तर सोडली असती," अजिनाथ म्हणाला. त्याला वाईट वाटत होते, हे दिसत होते. "आता अध्यक्षाचीच गाडी सोडली, तर मागची पोरं मला काय म्हणतील? तुमाला काय म्हणतील?"

सटवाने सुचवले की शेतातल्या गाडीवाटेने ओढ्याकाठाने पलीकडे निघता येईल. पण त्या वाटेवर काल संध्याकाळी अर्जुनरावांनी स्वतः उभे राहून मुरमाचा ढीग टाकून घेतला होता. मग सटवा म्हणाला, "काकूंना ॲम्ब्युलन्समधी निजवून न्यावं."

"आजारी न्हाई मी," गीताबाई म्हणाल्या. "नातवंडाला बघाया निघालेय. अशा वक्ताला निजून कामून जाऊ?"

एकच मार्ग उरला. तहसीलदारांनी येऊन निवेदन घेतले की आंदोलन मागे घ्यायचे, असे ठरलेले होते. ते संध्याकाळऐवजी आत्ताच घेतले तर रस्ता मोकळा झाला असता. अर्जुनरावांनी तहसीलदारांना फोन लावला. तहसीलदार भल्या सकाळीच निघाले होते, पण दोन फाटे अलीकडे त्यांची गाडी संघटनेच्याच बजरंगने अडवून धरली होती. अर्जुनरावांनी बजरंगला फोन लावला.

"बजरंग, साहेबांची गाडी सोड."

"कोण बोलतंय?"

"मी अर्जुनबापू बोलतोय, बे. आवाज वळखीना का?"

"वळखतो की. पण बापू, तुमीच सांगितलतं, दबाव आला की माझाबी फोन येईल, तवा माझंबी ऐकायचं न्हाई." आणि बजरंगने आदराने फोन ठेवला.

ऊन चढत होते. बंदोबस्ताला आलेले फौजदार लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. अर्जुनराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, आमी कायदा मोडलाय. मला अटक करा आणि अंबाजोगाईला न्या."

"बसा हो बापू," फौजदार म्हणाले. "इतकं शांततेत चाललंय. उगं कशाला अटक?"

अर्जुनराव परत सतरंजीवर येऊन बसले. आयुष्यात त्यांनी अनेक रस्ते बंद केले होते. बंद रस्त्यावर अडकलेल्या माणसांचे चेहरेही पाहिले होते, पण गर्दी म्हणून. आज त्या रांगेत आपल्याच घरचे माणूस स्वेटर घालून उभे होते आणि त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या.

गीताबाई मात्र रांगेत उभ्या नव्हत्या. त्या ट्रॉलीच्या कडेने वाकून पलीकडे गेल्या होत्या आणि तिथल्या एका गाडीतल्या बाईशी बोलत होत्या. थोड्या वेळाने त्या परत आल्या.

"त्यो निळ्या मोटारीवाला पुण्याचा हाय. वैजनाथाच्या दर्शनाला निघालता म्हणं. आता दर्शन राहू द्या म्हणून माघारी चाललाय. त्याची बायको म्हणली, बसा, पुण्यापतुर सोडतो. पुण्यात आदिनाथरावांचा भाऊ हाय, सुरज. त्याला दिपालीनं फोन केलाय. त्यो मुंबईला नेऊन सोडंल."

"आणि मी?"

"तुमाला उठता येतंय का?"

अर्जुनरावांनी मागे पाहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एकजण मोबाईलवर चित्रण करत होता. अध्यक्ष सतरंजीवरून उठून पुण्याच्या मोटारीत बसला, तर संप त्याच मिनिटाला मोडला असता.

"मी जाते," गीताबाई म्हणाल्या.

"एकटी?"

"आदिनाथराव कामावर गेले की दिपालीबी तिकडं एकटीच हाय."

बॅगा काढायला सटवाच्या आधी अजिनाथच धावला. चार ट्रॅक्टरवाले ट्रॉलीवर चढले आणि हातोहात बॅगा पलीकडे गेल्या. एका बॅगेत डिंकाचे लाडू आहेत हे कळल्यावर ती त्यांनी तान्ह्या पोरासारखी उचलली. घोषणा थांबल्या होत्या. अर्जुनराव दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीपाशी उभे राहिले. पलीकडे गीताबाई.

"पासपोर्ट पोटाशी धर. कुणाच्या हातात देऊ नको."

"तिथल्या साहेबानं मागितला तर?"

"त्याला दे. आणि त्यानं काय इचारलं तर..." पुढे काय सांगायचे ते अर्जुनरावांनाही ठाऊक नव्हते. विमानात तेही कधी बसले नव्हते. "तर खरं सांग."

निळी मोटार वळली आणि रांगेच्या कडेने निघून गेली. ती दिसेनाशी झाली तोच फौजदार लिंबाखालून लगबगीने आले.

"बापू, वरून फोन आलाय. तुमाला ताब्यात घ्यावं लागतंय."

अर्जुनराव इतक्या चटकन उठले, की फौजदार एक पाऊल मागे सरले. "गाडी कुठल्या बाजूला हाय?"

"अलीकडंच."

"मला पलीकडं न्या. अंबाजोगाईच्या अंगाला."

"पलीकडं कसं नेणार?" फौजदार म्हणाले. "रस्ता बंद हाय की."

पोलिसांची गाडी अर्जुनरावांना घेऊन परळीच्या दिशेने निघाली. तिकडे तहसीलदारांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी गाडी सोडून ते फाट्यापर्यंत चालत आले. पण निवेदन अर्जुनरावांच्या सदऱ्याच्या खिशात होते आणि सदरा अर्जुनरावांसोबत ठाण्यात. ते आणायला माणूस धाडावा तर ठाण्याच्या वाटेवरही संघटनेच्याच ट्रॉल्या होत्या. पोलिसांच्या गाडीला वाट देऊन त्या पुन्हा आडव्या झाल्या होत्या. संध्याकाळी सुटायचे आंदोलन अंधार पडल्यावर सुटले. सगळ्यांनी ते कमालीचे यशस्वी झाले असे म्हटले आणि ठाण्यातून सुटून आलेल्या अर्जुनरावांना हार घातला. हार गळ्यात ठेवूनच ते घरी आले. दाराला कुलूप होते. किल्ली कुठे ठेवलेली असते, हे त्यांना शेजाऱ्यांना विचारावे लागले.

शुक्रवार त्यांनी फोनकडे बघत काढला. दिपालीचा निरोप तेवढा आला की आई पोहोचली. शनिवारी सकाळी गीताबाईंचा स्वतःचा फोन आला.

"कशी गेलीस?" अर्जुनरावांनी विचारले.

"बरी गेले. खिडकीपाशी जागा दिली. इथं उतरले तर इथंबी संप."

"कुणाचा?"

"रेल्वेवाल्यांचा. आदिनाथराव रेल्वेनं येणार, ते तिकडंच अडकले. मग संपवाली माणसं बाहेर उभी होती, लाल जाकिटं घालून, तिथं जाऊन बसले. संपातल्या माणसांची मला सवय हाय. त्यांच्यातल्या एका बाईनं कॉफी दिली. मी तिला लाडू दिला. दिपालीनं फोनवरून तिला सांगितलं, मी कोण आणि कशाला आले ते. मग तिनंच आपल्या मोटारीतनं घरी आणून सोडलं."

"संप सोडून?"

"तासाभरानं माघारी गेली की. दुसरी बाई तिच्या जागी उभी होती. कुणी काय म्हणलं न्हाई."

अर्जुनरावांनी खुंटीवर टांगलेल्या हाराकडे पाहिले. मग त्यांनी दिपालीची चौकशी केली. तिकडच्या थंडीची केली. तिकीट बदलून मिळते असे सटवाने कुठूनतरी विचारून कळवले होते, तेही सांगितले.

"मी मग पुढच्या हप्त्यात येऊ का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. गीताबाईंनी फोन कानाशी धरूनच कुणाला तरी काहीतरी वाढले असावे.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "इथं जागा लहान हाय. दिपालीला इचारते आणि कळवते."

"बरं," अर्जुनराव म्हणाले, आणि फोन ठेवून ओसरीवर उत्तराची वाट बघत बसले.