पंख्याखालचे कांदे

कोरगावात माझ्या शेजारच्या बाबलकाकांच्या घरी एकच पंखा आहे आणि तो कांद्यांसाठी आहे. पाहुणा सोप्यात घामाने निथळत बसतो, आणि समोर वाशाला टांगलेल्या कांद्याच्या माळा वारा खात डुलतात. एकदा मी पंखा हळूच माझ्याकडे वळवला. काकांनी तो परत फिरवला.

"माणसाक घाम इलो तर तो पुसता. कांद्याक इलो काय तो गेलो!"

कांदा उपटून पातीसकट सावलीत सुकवायचा, मग पात वेणीसारखी विणायची. अशी माळ अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसरं कोणी करत नाही, असं काका स्वतःच सांगतात. रोज सकाळी ते एकेक कांदा हुंगतात, मऊ लागला की "भायर हो!" म्हणून काढून टाकतात. लग्न असो, बारसं असो, आहेर म्हणजे माळ.

मुलगा नीलेश शेती सोडून मुरगावला बंदरात नोकरीला गेला आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. तरी पावसाआधी काकांनी त्यालाही माळ धाडली. मग दर रविवारी काका त्याला व्हिडिओ कॉल करू लागले. त्यात माणसं नाहीत, नुसती माळ.

"खाली दाखय. पाठल्यान दाखय. बरी आसा." फोन बंद.

श्रावणात मी मुरगावला गेलो, तेव्हा नीलेशकडे डोकावलो. तो खुर्चीवर चढून माळेत बाजारचे कांदे बांधत होता. समुद्राच्या दमट हवेने काकांचे कांदे कधीच सडले होते.

"दादा, बाबांका सांगू नकात," तो म्हणाला. "कांदे संपले तर बाबा माझ्याशी कशाबद्दल बोलतले?"

मी त्याला पुढचा कांदा उचलून दिला. मला दोघांचीही कीव आली आणि हसूही आलं.

यंदा पुन्हा माझं मुरगावला जायचं ठरलं, तेव्हा काकांनी नीलेशसाठी एक माळ हातात दिली. पात अजून ओली होती.

"काका, ही सुकलेली नाही. कुजेल की!"

"कुसली तर कुसांदे."

मी बघतच राहिलो. कांद्यासाठी पाहुण्याला घामाघूम करणारा माणूस हा!

"आमचो कांदो ल्हान, चपटो. नीलेशान टांगलेलो मोटो, घाटावयलो. माका काय दिसणा नाय?" काका माळेवरून हात फिरवत म्हणाले. "ल्हानपणी त्याका माळ करूक बस म्हटला की पळान जाय. आता गाठ बरी मारता. ही ओली माळ लवकर कुसली की तो परत बांधूक बसतलो."